मागच्या सीटवर मामा

इंजिनिअरिंग सोडायचं मनात आलं तेव्हा मी हॉस्टेलच्या खोलीत बसून एक यादी केली. वहीच्या पानावर मधोमध रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, मला काय येतं. उजवीकडे लिहिलं, मला काय येत नाही, पण येतं असं लिहून मी पास होतो. उजवी बाजू पान उलटून मागे गेली. डावीकडे चार ओळी भरल्या : सायकलचं फ्रीव्हील खोलणे, विहिरीवरच्या मोटारीचा स्टार्टर पाहणे, फवारणी पंपाचा वायसर बदलणे, बाबांच्या गाडीचा कार्बोरेटर साफ करणे.

मेकॅनिकलचं तिसरं वर्ष होतं. त्याच महिन्यात परीक्षेत कार्बोरेटरचा छेद काढायला आला होता. मी सुरेख काढला, बाण दाखवले, नावं लिहिली. चार दिवसांनी आमच्या एका सरांची स्कूटर कॉलेजच्या गेटवर बंद पडली. सर उन्हात उभे, आम्ही वीस-पंचवीस भावी इंजिनिअर त्यांच्याभोवती उभे, आणि प्रत्येकाला सूत्रं पाठ. शेवटी समोरच्या चहाच्या टपरीवाल्यानं हात पुसत येऊन कार्बोरेटरची वाटी काढली, आतला कचरा फुंकला आणि स्कूटर चालू करून दिली. सर त्याला थँक्यू म्हणाले आणि आम्हाला म्हणाले, "क्लासला चला."

मी क्लासला गेलो नाही. खोलीवर जाऊन यादी केली आणि आठ दिवसांत मंगरूळपीरला परतलो.

घरी बाबा फार बोलले नाहीत. सोयाबीनच्या पोत्याचं तोंड शिवत होते. शिवून झाल्यावर म्हणाले, "उपाशी नाई राह्यला पाह्यजे. बाकी तुहं तू पाय." आई काहीच बोलली नाही. बोलले ते मामा.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. मंगरूळपीरला मास्तर होते, पुढे हेडमास्तर झाले आणि इथेच घर बांधून राहिले. आईच्या माहेरी सरकारी नोकरी लागलेला पहिला माणूस. गावात त्यांना गुरुजी म्हणतात. माझ्या ॲडमिशनचा फॉर्म त्यांनी स्वतःच्या अक्षरात भरला होता आणि पेढेही स्वतः वाटले होते, त्यांच्या गावात आणि आमच्याही. भाचा इंजिनिअर होणार हे त्यांनी इतक्या लोकांना सांगून ठेवलं होतं, की मी सोडलं तेव्हा तेवढ्याच लोकांना त्यांना पुन्हा सांगावं लागलं. त्यांचा राग मला समजतो. समजतो म्हणजे माफ केला असं नाही.

मी त्यांना अहो-जाहो करतो आणि इथेही करणार आहे. रागाला रीतीत बसवता येतं, आणि तसा तो जास्त टिकतो.

दर्ग्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका उस्तादांचं मोटारसायकल दुरुस्तीचं दुकान होतं. मी त्यांच्याकडे काम शिकायला गेलो. पहिल्याच दिवशी त्यांनी एक इंजिन माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, साइडचं झाकण खोल आणि परत बसव. नव्या माणसानं झाकण परत बसवलं की हमखास दोन बोल्ट उरतात. माझे उरले नाहीत. कारण खोलताना मी पुठ्ठ्यावर झाकणाचं चित्र काढलं होतं आणि प्रत्येक बोल्ट निघाला त्या जागी टोचून ठेवला होता. उस्तादांनी पुठ्ठा हातात घेऊन पाहिला.

"पढ़े-लिखे आदमी का एक फायदा है," ते म्हणाले. "बोल्ट बचाता नहीं."

तीन वर्षांच्या कॉलेजात मिळालेली ती सगळ्यात स्पष्ट शाबासकी होती, आणि ती कॉलेजबाहेर मिळाली.

उस्तादांची एक शिस्त होती. दसऱ्याला दुकानातली सगळी हत्यारं रॉकेलनं धुऊन, पुसून लाल कापडावर ओळीनं मांडायची. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, मग पकडी, मग हातोड्या. हळद-कुंकू मी लावायचो, झेंडूची फुलं ते स्वतः आणायचे. एकदा मांडलेलं हत्यार दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत उचलायचं नाही. ते पाच वेळचे नमाजी. मी विचारलं तर म्हणाले, "लोहा साल भर खड़ा रहता है बेटा. एक दिन बैठेगा ना?" त्यांच्यानंतर मी माझं दुकान काढलं तेव्हा ही शिस्त तशीच आणली.

आता लग्नाचं सांगतो.

माझ्या बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा मला उस्तादांकडे जाऊन वर्ष झालं होतं. आमच्याकडे शेवटची पंगत व्याह्यांची असते, आणि त्या पंगतीत नवरीच्या भावानं वाढायचं असतं. नुसतं वाढायचं नाही, आग्रह करायचा. पाहुणे नाही नाही म्हणतात, भाऊ ताटात घालतो. एवढ्यावर बहिणीचं सासर भावाला ओळखतं. मी त्याची तयारी तीन दिवस केली होती. तयारी म्हणजे हातांची. रॉकेल, मग कपड्याचा साबण, मग लिंबू, मग चिंच. तळवे निघाले. नखांच्या कडा आणि बोटांच्या घड्या निघाल्या नाहीत. ते काळं कातडीच्या आत जातं, त्याला महिनाभर काम बंद लागतं.

मी बुंदीची बादली घेऊन पंगतीत उतरलो. तिसऱ्या पानापर्यंत पोचलो होतो. मामा पंगतीच्या टोकाला व्याह्यांजवळ बसले होते. त्यांनी तिथूनच आवाज दिला.

"ए, थांब. बादली ठेव."

मी थांबलो.

"इकडं ये. हात दाखव." मी दाखवला नाही, त्यांनी धरून उलटा केला आणि व्याह्यांपुढे धरला. "हे पाहा. आमचे इंजिनिअर. तीन वर्षं शिकले, आन् आता पाने फिरवतेत." मग माझ्याकडे पाहून, "पाव्हन्यायच्या बुंदीले पेट्रोलचा वास येईन ना बे. दुसऱ्याले दे ते."

पंगत हसली. व्याहीही हसले, वाईट मनानं नव्हे, पंगत हसते तेव्हा माणूस हसतो. माझ्या चुलतभावानं माझ्या हातातून बादली घेतली. मी मांडवातून बाहेर आलो. येताना मला दिसलं की आई स्वयंपाकाच्या खोलीच्या दारात पोळ्यांची टोपली घेऊन उभी आहे आणि तिनं सगळं पाहिलं आहे. ती आत गेली. त्या गोष्टीबद्दल ती त्या दिवशी बोलली नाही, त्यानंतरही कधी नाही. दर भाऊबीजेला ती मामांना ओवाळत राहिली. मी त्याचा अर्थ असा घेतला की ती भावाच्या बाजूची आहे.

त्या दिवसापासून मला एक गोष्ट हवी होती. एकच होती, म्हणून यादी लागली नाही. मामांना माझी गरज पडावी, आणि ती पडलेली लोकांनी पाहावी.

हे सोपं नव्हतं. मामा माझ्याकडे येतच नसत. गाडी घेऊन थेट वाशीमला शोरूमला जायचे. जाताना माझ्या दुकानासमोरून गाडी जरा हळू करायचे, मान न वळवता. लोकांत माझी ओळख करून द्यायची वेळ आली तर म्हणायचे, "बहिनीचा मोठा. गाड्यायचं पाह्यते." काय पाहतो ते सांगायचे नाहीत. त्यांचा मुलगा पुण्यात इंजिनिअर झाला, तेव्हा पेढे घेऊन ते आमच्या घरी आले आणि मला म्हणाले, "घे. तुले याची चव माहीत असती तर बरं झालं असतं." मी दोन घेतले.

दरम्यान माझं दुकान वाढलं. आज आसपासच्या वीस गावांतल्या गाड्या माझ्याकडे येतात. शिरपूरहून दोघं-तिघं तिथली दुकानं सोडून येतात. कारण सरळ आहे : मी गाडी घेताना तक्रार लिहून घेतो, काय केलं ते लिहून देतो, आणि काढलेला जुना पार्ट हातात देतो. भिंतीवर दुकानाचे नियम लिहिलेले आहेत. एकूण सहा. चौथा नियम, दुकानाची गाडी दुसऱ्यानं चालवू नये. हा नियम एका गिऱ्हाइकानं माझी गाडी नाल्यात घातल्यावर केला. त्याचा पुढे असा उपयोग होईल, असं वाटलं नव्हतं.

मामा रीतीभातीचे कडक. निवृत्त झाल्यावर जास्त कडक झाले. मागच्या वर्षाआधीच्या दसऱ्याला माझ्या समोरच्या वेल्डिंगवाल्याकडे कोणीतरी ट्रॉलीचा तुटलेला हूक घेऊन आला. त्यानं नाही नाही म्हणत शेवटी वेल्डिंगचा हँडल उचलला. मामा रस्त्यानं चालले होते. तिथेच थांबले आणि दहा माणसांसमोर त्याला बोलले : "वर्षातून एक दिवस. एक दिवस लोखंडाले हात लावू नये, इतलंही होत नाई तुमच्यानं? मंग दसरा कायले करता? बंद करा ना." वेल्डिंगवाल्यानं मुकाट्यानं हँडल खाली ठेवला. मी माझ्या दुकानातून ऐकत होतो. त्यांचे शब्द मी त्याच दिवशी लिहून ठेवले. कशासाठी ते माहीत नव्हतं. चांगला नट-बोल्ट दिसला की मी डब्यात टाकतो, तसं.

आणि मग मागचा दसरा आला.

आधी मामांच्या मानाबद्दल सांगायला हवं. त्यांचं गाव इंझोरीच्या पलीकडे, आमच्यापासून पाऊण तासाच्या वाटेवर. तिथे दसऱ्याला दिवस कलला की सगळं गाव डफडं वाजवत शिवेवर जातं. तिथे एक आपट्याचं झाड आहे. त्याची पूजा करून पहिलं पान तोडायचा मान मामांच्या घराण्याचा, म्हणजे आता मामांचा. ते पान तुटल्याशिवाय गावात कोणी कोणाला सोनं देत नाही. पण दिवस बुडेपर्यंत त्यांच्या घरचा वडीलधारा आला नाही, तर मान दुसऱ्या भावकीकडे जातो, आणि एकदा गेला की परत येईल याचा भरवसा नाही. दुसऱ्या भावकीचे म्हातारबुवा गेली कित्येक वर्षं दर दसऱ्याला ताट तयार ठेवून, नवं धोतर नेसून, झाडापासून चार पावलांवर उभे राहतात.

दुपारी चार वाजले होते. पूजा झाली होती. दसऱ्याला मी काम करत नाही, पण दुकान उघडं ठेवतो, गिऱ्हाइकं पेढा घेऊन जातात. मी खुर्चीवर बसलो होतो आणि मला मामा दिसले. चालत. गाडी ढकलत. गाडीला झेंडूचा हार, ऊस, हँडलला लिंबू. मामांच्या डोक्यावर नवी टोपी, आणि टोपीखालून घामाची एक ओळ कानापर्यंत.

दुसरं एखादं दुकान उघडं असतं तर ते तिथे गेले असते. नव्हतं.

"या मामा," मी उठलो. "काय झालं?"

"बंद पडली. काहून ते समजून नाई राह्यलं. घरून चांगली निघाली, आन् चौकात आली की फुक फुक करून बंद."

"धुतली होती का?"

"धुतली म्हंजे? दसरा हाय. बोअरच्या मोटारीचा पाइप लावून दोन घंटे धुतली. इंजिनच्या फटीफटीतला चिखल काढला मी. सोता."

मला जागेवरून न हलता कळलं. दर दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या दारात पंधरा-वीस गाड्या असतात आणि बहुतेकांचं दुखणं एकच असतं. आमच्याकडची माणसं वर्षभर गाडी चिखलात चालवतात आणि पूजेच्या दिवशी तिला शेतातल्या मोटारीच्या धारेखाली धरतात. पाणी प्लगच्या टोपीत शिरतं. ठिणगी पडत नाही. उपाय असा : टोपी हातानं ओढायची, कोरड्या फडक्यानं आतून पुसायची, एक फुंकर, परत दाबायची. दोन मिनिटं. पाना लागत नाही, पक्कड लागत नाही. फडकं हे हत्यार नाही, ते आम्ही पूजेत मांडतही नाही. ते माझ्या खांद्यावर होतं.

मी म्हटलं, "मामा, आज हत्यार उचलत नाही."

यात एकही शब्द खोटा नव्हता.

मामांनी लाल कापडाकडे पाहिलं. पाने लहानापासून मोठ्यापर्यंत, प्रत्येकावर कुंकवाचं बोट, मध्ये झेंडू. मी खुर्ची दिली, पाणी दिलं, पेढा पुढे केला. त्यांनी पेढा हातात धरून ठेवला आणि घड्याळ पाहिलं.

"बस?"

"तिकडची दोनची गेली. आता सहाची."

"ऑटो?"

"दसऱ्याच्या दिवशी कोन ऑटो काढते मामा? सारे आपापल्या गावाले गेले."

त्यांनी खिशातून फोन काढला आणि परत ठेवला. गावात फोन केला असता तर कोणीही न्यायला आलं असतं, पण यायला पाऊण तास आणि जायला पाऊण तास, आणि तोवर गुरुजींची गाडी बंद पडली ही बातमी म्हातारबुवांच्या ताटापर्यंत पोचली असती. हा हिशेब आम्हा दोघांच्याही डोक्यात एकदमच झाला.

मग ते खालच्या आवाजात म्हणाले, "एखांदा पाना बी नाई?"

रस्त्यावर दोघं-तिघं उभे होते. वेल्डिंगवालाही होता, पेढा खात. मी आवाज खाली केला नाही.

"तुमीच तं सांगता ना मामा. वर्षातून एक दिवस. एक दिवस लोखंडाले हात लावू नये."

वेल्डिंगवाल्याचं चावणं थांबलं.

"हाओ," मामा म्हणाले. "बराबर हाय."

"माही गाडी हाय. बसा, सोडून देतो."

"मागं?"

इथे हे सांगितलं पाहिजे की मामा कोणाच्या मागे बसत नाहीत. स्वतःच्या मुलाच्याही नाही. "मागं बसनं म्हंजे बायांचं आन् पोत्यांचं काम," हे त्यांचं वाक्य सगळ्या नातलगांना पाठ आहे.

"असं कर," ते म्हणाले, "चाबी दे. मी चालवतो, तू बस मागं."

मी भिंतीकडे बोट दाखवलं. मामा हेडमास्तर. लिहिलेला नियम दिसला की ते वाचतात. त्यांनी चौथा नियम वाचला.

"माह्यासाठीबी?"

"नियम हाय मामा."

त्यांनी आणखी एकदा घड्याळ पाहिलं, धोतर आवरलं, आणि माझ्या मागे बसले. बसताना माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि लगेच काढला.

मी घाईत नव्हतो. वेळ मोजली होती : सूर्य बुडायला पावणेदोन तास, वाट पाऊण तासाची, म्हणजे माझ्याकडे तासभर खर्चायला होता. बाहेरच्या रस्त्यानं लवकर पोचलो असतो. मी बाजारातून गेलो. जिथे निवृत्त मास्तरांचा कट्टा बसतो, तिथे गाडी दुसऱ्या गिअरवर आणली. सगळे बसलेले होते. एकानं हात वर केला, "अरे, गुरुजी! मागं?" मामांनी ऐकू न आल्यासारखं केलं. मी हॉर्न दिला, म्हणजे ज्यांनी पाहिलं नव्हतं त्यांनीही पाहावं.

पुढचा रस्ता खराब आहे. आमच्या भागातल्या रस्त्यांचे खड्डे मला पाठ आहेत, कारण वाकलेली रिम आणि फुटलेला शॉकॲब्झॉर्बर आणून माणूस मला जागा सांगतो. पुलाआधीचा, वळणावरचा, शाळेसमोरचे तीन. एकही चुकवला नाही. दुसऱ्या खड्ड्यानंतर मामांचा हात माझ्या खांद्यावर आला. चौथ्यानंतर दुसरा आला. मग तो निघाला नाही.

"धरून बसा मामा, रस्ता खराब हाय."

"दिसते मले."

"तुमची गाडी शोरूमवाल्यानं शेवटी कधी पाह्यली?"

"तू समोर पाय."

एका ठिकाणी मी गाडी थांबवली आणि साखळी तपासली. साखळी ठीक होती. मामा रस्त्याच्या कडेला उभे राहून सूर्याकडे पाहत होते. सूर्य हातभर वर होता. "झालं का?" त्यांनी विचारलं. मग पुन्हा, "बाबू, झालं का?" बाबू त्यांनी मला आठवीपर्यंत म्हटलं होतं. मला ते लागलं, खोटं कशाला बोलू. पण साखळीची आणखी एक बाजू राहिली होती, ती पाहिली.

त्यांना मान गमवावा लागावा असं मला वाटत नव्हतं. मान गेला असता तर त्यांनी जन्मभर मला दोष दिला असता आणि लोकांनी तो मान्य केला असता. मला त्यांना वेळेवर पोचवायचं होतं. माझ्या मागे बसवून, सगळ्यांदेखत.

शिवेकडे गावाबाहेरूनही वाट जाते. मी गावातून गेलो. दारादारात बाया ओवाळणीची ताटं घेऊन उभ्या होत्या. शिवेवर डफडं वाजत होतं. म्हातारबुवा ताट घेऊन झाडापासून चार पावलांवर नव्हते, दोन पावलांवर होते. त्यांनी आम्हाला पाहिलं आणि त्यांचे खांदे खाली आले. पण जीभ शाबूत होती.

"आले बापा, आले!" ते ओरडले. "कोनाच्या मागं बसून आले गुरुजी?"

डफडं थांबलं. मामा उतरले, टोपी नीट केली, आणि चारशे माणसांसमोर म्हणाले, "माहा भाचा हाय. इंजिनिअर हाय तो."

इतकी वर्षं मी बाकी सगळं मनात घडवून पाहिलं होतं, हे पाहिलं नव्हतं. त्यांनी मला इंजिनिअर म्हटलं. माझ्यासाठी नव्हे. पान्यावाल्याच्या मागे बसून आलो हे त्यांना चालणार नव्हतं, म्हणून उतरता उतरता त्यांनी माझं कॉलेज पूर्ण करून टाकलं.

मी स्टँड लावला.

"इंजिनिअर नाई बाबा," मी म्हातारबुवांना मोठ्यानं म्हटलं. "मंगरूळले गाड्या दुरुस्तीचं दुकान हाय माहं. मामाची गाडी बंद पडली. ढकलत आनली माह्या दुकानावर."

"मंग दुरुस्त काहून नाई केली?"

"आज दसरा. हत्यार उचलत नाई."

गर्दीतून पसंतीचा आवाज आला. "बराबर हाय," एक जण म्हणाला. "असं पाह्यजे," दुसरा. म्हातारबुवा मामांकडे वळले. "काय गुरुजी? भाच्यानं बराबर केलं ना?"

सगळे मामांकडे पाहत होते. रीतीचा प्रश्न होता आणि उत्तर देणारे गावात तेच.

"बराबर केलं," मामा म्हणाले. "मेकॅनिक असावा तं असा."

तो शब्द त्यांनी मोठ्यानं, मान खाली न घालता उच्चारला. घालता आली नसती. मग त्यांनी पूजा केली, पान तोडलं, डफडं सुरू झालं. मी रांगेत उभा राहून त्यांच्या पाया पडलो आणि सोनं घेतलं. त्यांनी पानं माझ्या हातात ठेवली आणि पुढच्याकडे वळले. मामा त्या रात्री गावातच राहिले. मी एकटा परत आलो आणि येताना सगळे खड्डे चुकवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी हत्यारं उचलली. दारात सतरा गाड्या होत्या. दहाच्या बसनं मामा आले. त्यांची गाडी मी आत सावलीला लावली होती, हार तसाच. मी दुसऱ्या गाडीत गुंतलो होतो.

"केव्हा पाह्यशीन?" त्यांनी विचारलं.

"किक मारून पाहा मामा."

"बंद हाय ना ते."

"मारून तं पाहा."

त्यांनी मारली. गाडी पहिल्या किकला चालू झाली. रात्रभरात पाणी सुकलं होतं. मामा चालू गाडीवर तसेच बसून राहिले. त्यांनी इंजिनकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"काय केलं तू?"

"काईच नाई. प्लगच्या टोपीत पानी होतं. सुकलं."

"म्हंजे काल..."

"काल फडक्यानं पुसली असती तरी चालू झाली असती."

"फडक्यानं?"

"फडक्यानं."

सतरा गाड्यांचे मालक इकडेतिकडे बोलत होते, कोणाचं लक्ष नव्हतं. मामांच्या चेहऱ्यावरून कालचं सगळं एकामागून एक गेलेलं मी पाहिलं : बाजार, कट्टा, शाळेसमोरचे तीन, साखळी. मी घाई केली नाही, हातातलं काम थांबवून उभा राहिलो. असं पाहायला फार वर्षं थांबलो होतो.

त्यांनी गाडी बंद केली नाही. पुढे वाकून, इंजिनच्या आवाजाखाली बोलले.

"हे तुह्या मायले सांगू नको."

मी हातातलं काम परत सुरू केलं. ते गेले. वळणावर त्यांनी हार काढून रस्त्याच्या कडेला ठेवला.

दुपारी जेवायला घरी गेल्यावर आईला सांगितलं. आईच्या भावाची गोष्ट होती, ती रागावेल असं धरून बसलो होतो, आणि रागावली तरी सांगायचंच असं ठरवलं होतं. ती चुलीपुढे बसली होती. भाकर तव्यावर होती. मी दोन वाक्यांत उरकलं : मामांची गाडी बंद पडली, मी मागे बसवून नेलं, खरं तर गाडीला काही झालंच नव्हतं.

आईनं भाकर उलटली. "किती वेळ लागला असता?"

"दोन मिनिटं."

"आन् त्याले गावापर्यंत मागं बसवलं."

"हो."

"शिवेवर? साऱ्यायसमोर?"

"हो."

तिनं भाकर काढली, माझ्या ताटात टाकली, तवा खाली उतरवला आणि चुलीतली लाकडं मागे ओढली. स्वयंपाक अजून व्हायचा होता, बाबांच्या भाकरी राहिल्या होत्या. ती पाट ओढून माझ्यासमोर येऊन बसली.

"असं नाई," ती म्हणाली. "पह्यल्यापासून सांग. तो गाडी ढकलत आला, तिथून."